गव्हातलं तण: नांगरायचं, की नुसतं झाकायचं?

सांवेरच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे. काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. काही वर्षांपूर्वी सोयाबीन निघाल्यावर मी तिथे हौसेनं दोनदा रोटाव्हेटर फिरवला. माती रव्यासारखी झाली. गहू पेरला, पाणी दिलं आणि पंधराव्या दिवशी दोन ओळींच्या मध्ये चाकवताची सतरंजी अंथरलेली. बटाईनं शेत करणारे दादा बांधावर उभे राहून शांतपणे म्हणाले, "ये बथुआ तो आपने ही बोया है, भैयाजी." मला राग आला. पण शेताच्या कडेला एक पट्टा होता, जिथे ओल जास्त म्हणून रोटाव्हेटर गेलाच नव्हता आणि गहू तसाच टोचून पेरला होता. तिथे चाकवत तुरळक. दादा बरोबर बोलत होते.

इंदूरच्या आसपास, म्हणजे सांवेर, देपालपूर, महू, हातोद या भागात सोयाबीनवर गहू घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीतही यातलं बरंचसं चालेल. तारखा मात्र आपापल्या धराव्यात.

आधी मातीत काय चालतं ते

नांगर तणाचं बी मारत नाही, त्याची जागा बदलतो. वरचं खाली जातं आणि तीन वर्षांपूर्वी खाली गेलेलं वर येतं. आता त्या बियाला ती नवी जागा मानवते की नाही, हे बियावर अवलंबून.

चाकवताचं बी मोहरीपेक्षा बारीक. ते वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच उगवतं. खोल गेलं तर मरत नाही, झोपतं, आणि ही झोप कित्येक वर्षांची, कधीकधी दशकांची असते. त्याला जागं करायला उजेडाची एक तिरीप पुरते. माती उलथताना बी क्षणभर उघड्यावर येतं, उजेड बघतं, पुन्हा झाकलं जातं आणि उगवायला लागतं. जर्मनीत यावरून रात्रीच्या अंधारात नांगरून बघण्याचे प्रयोगही झाले. जमिनीत नत्र मोकळं झालं की त्याची उगवण आणखी वाढते. एका जोमदार झाडाला हजारोंनी बी लागतं. म्हणजे माझा रोटाव्हेटर त्या वर्षी नेमकं काय करत होता, ते कळलं असेल.

"गेहूं का मामा", म्हणजे गुल्ली डंडा, हे गव्हासारखं दिसणारं गवत. हा मामा मुख्यतः वरच्या पाच सेंटिमीटरमधून येतो आणि त्याला थंडी लागते. जंगली जईचं, म्हणजे रानटी ओटचं, बी मात्र मोठं, त्याच्या पोटात शिदोरी असते. ते दहा सेंटिमीटर खालूनही बाहेर पडतं. पण तेच बी जमिनीवर उघडं पडलं तर मुंग्या, उंदीर, पाखरं आणि ऊन त्याचा फडशा पाडतात. म्हणून जई असलेल्या शेतात गहू कापल्यावर लगेच नांगरणं म्हणजे बी तिजोरीत ठेवणं. जून येईपर्यंत रान तसंच राहू द्यावं.

हरळी, लव्हाळा आणि हरणखुरी यांचा हिशोब वेगळा. ही मंडळी बियापेक्षा काडी, गाठ आणि मुळी यांच्या जोरावर जगतात. रोटाव्हेटरनं हरळीचे तुकडे केले की प्रत्येक पेर नवं झाड. इथे नांगर कामाचा आहे, पण योग्य वेळीच.

फेब्रुवारी: उभ्या गव्हात फेरफटका

काम इथून सुरू होतं, नांगरटीपासून नाही. गहू ओंबीवर असताना वहीत शेताचा साधा नकाशा काढा आणि कुठे काय आहे ते लिहा. चाकवत कुठे दाट, जई कुठल्या कोपऱ्यात, हरणखुरीची जाळी कुठे. माझ्या वहीत विहिरीच्या बाजूला "लव्हाळा" लिहिलंय आणि त्याखाली तीन रेघा मारल्यात.

ओंबी आल्यावर मामा कुणालाही ओळखता येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. तो लहानपणी ओळखायला शिका. रोप उपटून बुंधा बघा: गव्हाचा बुंधा पांढरट-हिरवा, मामाचा गुलाबीसर, आणि चिमटीत दाबला तर लालसर रस निघतो. पान खोडाला मिळतं तिथे गव्हाला दोन छोटे, केसाळ "कान" असतात, ते खोडाला मिठी मारून बसतात. मामाला कान नाहीत, तिथे पातळ पारदर्शक पडदा असतो. जंगली जईलाही कान नाहीत. एकदा बोटांना हे कळलं की चालता चालता ओळखता येतं.

दुसरी खात्री घमेल्यात करता येते. ऑक्टोबरच्या शेवटी शेतात आठ-दहा ठिकाणी वरची पाच सेंटिमीटर माती घ्या, एका घमेल्यात मिसळा. त्याच जागांची पाच ते पंधरा सेंटिमीटर खोलीची माती दुसऱ्या घमेल्यात. दोन्ही उघड्यावर ठेवून पाणी शिंपडत राहा. महिनाभरात कुठल्या घमेल्यात काय आणि किती उगवतं ते बघा. वरच्या घमेल्यात गर्दी आणि खालच्यात तुरळक असेल, तर येत्या उन्हाळ्यात माती उलटवण्यात अर्थ आहे. उलट असेल, तर नांगराला हातही लावू नका. उन्हाळ्यात ही परीक्षा घेऊ नका. मामा आणि जई उकाड्यात उगवत नाहीत आणि शेत स्वच्छ आहे असा गैरसमज होतो.

एप्रिल-मे: कुठे नांगरायचं, कुठे नाही

सगळ्या रानाला एकच औषध देण्याची सवय सोडावी लागते. माझा नियम असा:

- हरळी किंवा लव्हाळा असलेल्या तुकड्यात एप्रिलच्या शेवटी २५-३० सेंटिमीटर खोल पलटी नांगर. ढेकळं तशीच उघडी ठेवायची, जूनपर्यंत फोडायची नाहीत. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. ढेकूळ आतपर्यंत वाळलं की लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या सुकतात. नांगरल्यावर आठवड्यात वखर फिरवून रान "नीटनेटकं" केलं तर गाठी पुन्हा ओलीत झाकल्या जातात आणि डिझेल वाया जातं.
- जंगली जई किंवा मामा असलेल्या तुकड्यात उन्हाळ्यात काहीच नाही. धसकटं उभी, बी उघडं.
- चाकवत, कासनी, सेंजी, कृष्णनील असा मालव्याचा नेहमीचा रुंद पानांचा गोतावळा असेल तर जितकं कमी हलवाल तितकं बरं.
- हरणखुरीसाठी नांगर नाहीच. तिची मुळं दोन-तीन मीटर खाली जातात. तुकडे केले की वाढते. तिला सावली आणि फवारणी, दोन्ही लागतात.

खोल नांगरट एकदा केली की निदान तीन वर्षं पुन्हा नको. खाली गाडलेलं बी तोवर थोडंफार कुजतं. दरवर्षी नांगरणारा माणूस दरवर्षी मागचंच बी वर काढत असतो.

आणि नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली धसकटं-काडी, जाळणं. वरवरचं काही बी जळतं, हे खरं. पण भेगांत आणि मातीखाली पडलेलं शाबूत राहतं, मुंग्या मरतात आणि आच्छादनाला लागणारा गव्हांडा राख होतो. शिवाय दंड आहेच.

जून ते सप्टेंबर: आच्छादन पीक, आणि त्याबद्दलचा एक गैरसमज

आच्छादन पीक, म्हणजे जमीन झाकण्यासाठीच घेतलेलं पीक, घ्या, तण जाईल, असं सरसकट सांगितलं जातं. मीही त्यावर विश्वास ठेवून पहिल्या वर्षी एका तुकड्यात बोरू पेरला (इथे त्याला सनई म्हणतात). ऑगस्टमध्ये कापून जमिनीवर अंथरला, आणि नोव्हेंबरात गहू पेरताना बघतो तर जमिनीवर काहीच नाही. कोवळा बोरू पावसाळ्याच्या उबेत कुजून गेला होता. त्यानं सोडलेलं नत्र मात्र मातीत होतं, आणि चाकवतानं त्याचा यथेच्छ समाचार घेतला.

मग ध्यानात आलं की खरिपातल्या आच्छादन पिकाची दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळी पिकं लागतात.

पहिलं काम सावलीचं. हरळी आणि लव्हाळा उन्हाचे भुकेले, सावलीत लंगडे पडतात. त्यांच्यावर दोन महिने दाट छत्र धरायचं असेल तर बोरू किंवा धैंचा उत्तम. पाऊस लागला की हेक्टरी ५०-६० किलो बी फेका. कंजूषी इथेच नडते: विरळ बोरू उंच जातो, खाली ऊन पडतं, आणि तण आणि बोरू दोघंही खुशाल वाढतात. पीक छातीइतकं वाढल्यावर आत शिरून खाली बघा. दुपारी बाराला जमिनीवर उन्हाचे मोठे कवडसे दिसत असतील तर तो बोरू तणासाठी नाही, फक्त खतासाठी आहे. ४५-५० दिवसांनी, फुलं दिसू लागताच कापायचा. एकदा पावसानं आम्हाला आत जाऊ दिलं नाही, बोरू काठीसारखा झाला. त्याचे दांडे नोव्हेंबरात पेरणी यंत्राच्या फणांत असे अडकले की दर दहा पावलांवर उतरून ओढत बसलो.

दुसरं काम नोव्हेंबर-डिसेंबरात जमीन झाकून ठेवण्याचं. गव्हातलं हिवाळी तण तेव्हा उगवतं, त्यामुळे आच्छादन तेव्हा जमिनीवर असायला हवं. त्यासाठी लवकर न कुजणारी काडी लागते: ज्वारी, बाजरी, किंवा ज्वारीत चवळी. जुलैत दाट पेरा, सप्टेंबरअखेर दाणा भरण्याआधी आडवी करा. ज्वारीच्या मुळांतून आणि काडीतून निघणारी द्रव्यं बारीक बियांची उगवण दाबतात. पण ती गव्हालाही थोडी दाबतात. म्हणून आडवी केल्यापासून पेरणीपर्यंत तीन-चार आठवडे जाऊ द्या, आणि गव्हाला सुरुवातीचं नत्र थोडं जास्त द्या, कारण ज्वारीची काडी कुजताना नत्र ओढून घेते. कापलेली ज्वारी फुटवे काढते. बुंध्याशी कापा, नाहीतर पुन्हा उभी राहते. त्या कोवळ्या फुटव्यांवर गुरं सोडू नका, विषबाधा होते. हे जुन्या लोकांना सांगायला नको.

आच्छादन किती जाड हवं? वाळलेली काडी हेक्टरी पाच-सहा टन तरी, तेव्हा फरक डोळ्यांना दिसतो. ढोबळ खूण अशी की पसरल्यावर माती दिसता कामा नये. एक-दोन टनांनी तण थांबत नाही, उलट खाली ओल टिकून ते जास्त सुखानं उगवतं. अर्धवट आच्छादनापेक्षा उघडी जमीन परवडली, असं माझं मत आहे.

आता खरा प्रश्न: यासाठी सोयाबीनचं एक पीक सोडायचं? सगळ्या रानात कुणाला परवडेल? मी वहीतला सर्वात वाईट तुकडा निवडतो आणि एका वर्षी तेवढाच देतो. बाकी रानात सोयाबीनचंच भुसकट वापरतो. हार्वेस्टर ते एका पट्ट्यात टाकत जातो; तो पट्टा दाताळ्यानं लगेच फैलावून घ्यावा. जाडी कमीच भरते, पण न नांगरलेल्या जमिनीवर तेवढ्यानंही मदत होते. पाण्याची सोय असेल तर गव्हानंतरचा उन्हाळी मूगही रान झाकतो, पण तो हिवाळी तणासाठी नाही. त्याचा उपयोग मुख्यतः हरळी-लव्हाळ्यापुरता, आणि घरच्या डाळीपुरता.

इथे थोडं विषयांतर. सेंद्रिय खताची "इंदूर पद्धत" जगभर गेली ती याच गावातून. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या संस्थेत होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. तण, काडीकचरा आणि शेण यांचा ढीग नीट तापू देणं हा त्या पद्धतीचा जीव. ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापला की त्यातलं बरंच तणाचं बी मरतं. आणि आपण त्याच गावात अर्धकच्चं शेण ट्रॉलीनं आणून गव्हाआधी फेकतो, ज्यात म्हशीनं खाल्लेल्या चाऱ्याचं सगळं बी जिवंत असतं. खत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं झाल्याशिवाय गव्हाच्या रानात घेऊ नका.

ऑक्टोबर: तणाला फसवून उगवायला लावा

मला विचाराल तर सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा इथे होतो. आमच्याकडे पुष्कळ जण कोरड्यात गहू पेरून वरून पाणी देतात. वेळ वाचतो. पण गहू आणि तण एकाच पाण्यावर, एकाच दिवशी शर्यतीला उभे राहतात.

त्याऐवजी सोयाबीन निघाल्यावर आधी ओलवणीचं पाणी द्या, ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. दहा-बारा दिवसांत चाकवत आणि त्याचे भाऊबंद दोन पानांवर येतात. वाफसा आला की, म्हणजे माती कामाजोगी ओलसर झाली की, वखराची पास (आडवं पातं) फक्त तीन-चार सेंटिमीटर खोल चालवा, त्याहून एक बोटही खाली नको. उगवलेलं कापलं जातं आणि खालचं नवं बी वर येत नाही. दादा पास फिरवताना मागे उलटून बघत चालतात: ओली, गडद माती वर आली की थांबून खोली कमी करतात. मग पेरा. बागायती गव्हाची इथली वेळ साधारण १० ते २५ नोव्हेंबर, म्हणजे हे सगळं बसतं.

ज्यांना वखरही नको ते या टप्प्यावर तणनाशक मारून बिनामशागत पेरतात. ग्लायफोसेटच्या वापरावर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं बंधनं आणली आहेत, तेव्हा दुकानदाराच्या भरवशावर घेऊ नका, नियम विचारून घ्या. आणि मामा या सापळ्यात फारसा सापडत नाही, कारण ऑक्टोबरात त्याच्या मनासारखी थंडी नसते.

नोव्हेंबर: पेरणी

मामासाठी उपाय म्हणजे माती न हलवता पेरणी. हरियाणा-पंजाबात १९९० च्या दशकात मामा आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासा झाला, तेव्हा तिथे बिनामशागत पेरणीला जोर आला. फण फक्त एक चीर पाडतो, दोन ओळींमधली माती जागची हलत नाही, आणि तिथलं बी झोपून राहतं.

काळ्या मातीत बिनामशागत पेरणी यंत्राची एक खोड आहे. ओल जास्त असेल तर चीर उघडी राहते, बी दिसतं आणि पाखरं वेचतात. ओल कमी असेल तर फण आत शिरत नाही. मुठीत घेतलेल्या मातीचा लाडू व्हावा आणि कंबरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटावा, असा वाफसा धरा. पहिल्या वर्षी एक-दोन एकरांवरच करून बघा.

ओळीतलं अंतर साडेबावीस सेंटिमीटरऐवजी अठरा करता आलं तर करा. बियाणं हेक्टरी १०० किलो, दाणा मोठा असेल तर थोडं जास्त. खत बियाच्या खाली ओळीतच पडू द्या. फोकून टाकलेला युरिया अर्धा तणाच्या घरी जातो. एक इशारा: बिनामशागत सलग तीन-चार वर्षं केली की चाकवत आणि मामा कमी होतात आणि हरळी-हरणखुरी हळूहळू बस्तान बसवतात. वही म्हणूनच जपायची.

डिसेंबर: उरलेल्याचा बंदोबस्त

गव्हाला तणाचा खरा त्रास पहिल्या ३०-४५ दिवसांत. पहिलं पाणी २०-२१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. त्यानंतर पाय रुतेनासा झाला की, म्हणजे ३०-३५ दिवसांच्या आसपास, तण दोन ते चार पानांवर असताना फवारणी. रुंद पानांसाठी मेटसल्फ्युरॉन हेक्टरी ४ ग्रॅम, मामा आणि जईसाठी क्लोडिनाफॉप ६० ग्रॅम. दोन्ही आकडे शुद्ध घटकाचे आहेत, पुडीवरच्या वजनाचे नव्हेत. सपाट पंख्यासारखी फवारणी करणारा नोझल वापरा. क्लोडिनाफॉपमध्ये टू-फोर-डी मिसळू नका, गवतावरचा परिणाम उतरतो. कठिया, म्हणजे पूसा तेजससारखा बन्सी गहू असेल तर त्यावर चालतं की नाही हे लेबलवर वाचूनच घ्या.

आच्छादन ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. उगवणीआधी मारायचं पेंडिमिथॅलिन काडीवरच अडकतं, मातीपर्यंत पुरतं पोचत नाही; तिथे त्यावर विसंबू नका. आणि सल्फोसल्फ्युरॉन हे तणनाशक आपल्या विम्ल (अल्कधर्मी) काळ्या जमिनीत बराच काळ टिकतं. ते मारलेल्या तुकड्यात पुढच्या खरिपात ज्वारी किंवा मका पेरू नका. कुठे काय मारलं हेही त्याच वहीत.

पुन्हा फेब्रुवारी, मग मार्च

फवारणीतून वाचलेली जई आणि मामा ओंबीत बी पक्कं होण्याआधी उपटून पोत्यात भरा आणि शेताबाहेर काढा. बांधावर फेकलीत तर तिथूनच परत येतात. दोन मजूर, एक दिवस, एवढंच काम असतं.

शेवटी हार्वेस्टर. ही यंत्रं पंजाबकडून कापणी करत करत इकडे येतात आणि पोटात चार जिल्ह्यांचं बी घेऊन येतात. आमच्या शेतात जई आली ती अशीच. आधीची दोन वर्षं नव्हती, मग एका उन्हाळ्यानंतर नेमकी यंत्र आत शिरलं त्या कोपऱ्यात उगवली. आता मी यंत्र शेताच्या बाहेर थांबवतो, चाळण्या आणि टाकीचं तोंड उघडायला लावतो, झाडून घेतो. ड्रायव्हर कुरकुर करतो, पुढचं गिऱ्हाईक वाट बघतंय म्हणतो. त्याला पोहे-जिलबी खाऊ घालायची आणि तेवढ्यात आपल्या पोरानं झाडू मारून घ्यायचा. खाली पडलेलं बी ताडपत्रीवर गोळा करून चुलीत टाकायचं. मागच्या वर्षी त्यात अर्धी ओंजळ जई निघाली.